मानवलं नाही

वैशाख लागला की आमच्या काल्हेरला अजूनही एखादा राब पेटतो. दोन गोदामांच्या पत्र्यांमध्ये भातशेतीचा चिंचोळा तुकडा उरलेला असतो. कुणीतरी हट्टी माणूस त्यात शेण, पाला, गवत यांचे थर देतो, वर मातीचा हात फिरवतो आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन काडी लावतो. पावसाआधी जमीन अशी भाजून घेतली म्हणजे भाताची रोपं जोमानं येतात. धूर कंटेनरच्या रांगेवरून रस्त्यावर उतरतो, ड्रायव्हर काचा वर करतात, नव्या इमारतींतल्या बायका वाळत घातलेले कपडे घाईनं आत ओढतात. मी मात्र गॅलरीत उभी राहते. हळदींचेही हेच दिवस, त्यामुळे धुराबरोबर कुठून तरी बेंजोचा आवाज येतो. माझ्या वयाच्या बायकांना अशा वेळी माहेर वगैरे आठवतं. मला एक दातांचा डॉक्टर आठवतो आणि माझे दात आपोआप आवळले जातात.

क्षमा केली की मन हलकं होतं, असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे. होत असेल बापडं. मी तो प्रयोग केलेला नाही. दोन हजार सालानंतरच्या दशकातला एक अख्खा उन्हाळा मी सूड उगवण्यात घालवला, आणि माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत कामाचा उन्हाळा होता. तेव्हा मी जितकी नीटनेटकी, वेळेवर उठणारी आणि शहाणी होते तितकी पुढे कधीच झाले नाही. रागासारखी शिस्त नाही, हे मी आजही कुणाला सांगायला तयार आहे, फक्त कुणी विचारत नाही.

आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजी येतो तो येतो, पण लग्न खरं लावते ती धवलारीण. मांडव घालण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिच्या तोंडी असतो. देवांना आवतण तीच देते, पितरांना तीच हाका मारते, आणि मधूनच नवऱ्याकडच्यांची टोपी उडवायलाही तीच पुढे असते. दापोडे, कशेळी, आसपासची सगळी गावं आईला आवाजावरून ओळखत. हसायचीही तसंच, तोंड भरून, पार पडजीभ दिसेपर्यंत. नवरदेवाची आत्या जरा जास्त मिरवायला लागली की आई गाता गाता तिच्या नाकातल्या नथीवरच घसरायची, आणि मांडवभर खसखस पिकायची. तिच्या तोंडाचा गावाला धाक होता आणि कौतुकही होतं.

ते तोंड ती राखुंडीनं धुवायची. भात भरडून झालं की गिरणीतून तुसाची पोती यायची. आई अंगणाच्या कोपऱ्यात तूस पेटवायची. ते कधी भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहतं आणि शेवटी काळं होऊन बसतं. त्यात मीठ आणि दोनचार लवंगा घालून ती कुटायची, चाळायची आणि बरणीत भरून न्हाणीच्या खिडकीत ठेवायची. मी शाळेत टूथपेस्टचा हट्ट धरला तेव्हा तिनं आणून दिली, स्वतः मात्र बोटावर राखुंडीच घेतली. राखुंडीनं दात झिजतात, हे मीही मान्य करते. रसायनशास्त्र शिकले आहे मी, राखेचं कौतुक मला कुणी सांगू नये. पण पुढे जे झालं त्यात राखुंडीचा काडीचाही संबंध नव्हता.

आईची खालची दाढ ठणकायला लागली तेव्हा मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. भिवंडीत एका नाव कमावलेल्या डॉक्टरचा पहिल्या मजल्यावर दवाखाना होता. खाली लूमच्या सुताला खळ लावायचं सायझिंगचं दुकान, वर थंडगार एसी. त्यानं रूट कॅनल सांगितलं. आम्ही गेलो, पुन्हा गेलो, पुन्हा गेलो. दर खेपेला दुखणं कमी होण्याऐवजी वाढत होतं. गाल सुजून आईचा एक डोळा बारीक झाला. शेवटी एका दिवशी त्यानं दाढ उपटली, हातमोजे काढत बाहेर आला आणि बाकांवर बसलेल्या सगळ्या पेशंटांसमोर मला म्हणाला, "आई राखुंडी लावते ना? मग काय राहणार आहे? मूळच सडून गेलेलं. या गावच्या बायकांची तोंडं म्हणजे उकिरडा. आम्ही तरी काय करणार?"

कुणीतरी हसलं. तोंडात बोळा धरलेली आई त्याच्या मागेच उभी होती. तिनं पदर ओढून तोंडावर घेतला, आणि मग तो कधी खाली आलाच नाही. घरी येऊन तिनं राखुंडीची बरणी खाडीत रिकामी केली. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या घरी हळद होती. बोलावणं आलं तेव्हा आई म्हणाली, "माजं तोंड नासलंय. नवरीच्या कानाशी घान तोंडानं धवलं गाऊ काय?" लोकांनी समजावलं, मी भांडले. पण उकिरड्याच्या तोंडून देवांना आवतण जाऊ नये, हा नियम तिचा तिनेच करून टाकला होता. शिकलेल्या माणसानं सांगितलंय म्हणजे खरंच असणार. मी काही बोलले की तिचं एकच, "डॉक्टर खोटं कशाला बोलंल गो?" आमच्याकडच्या हळदींना मग दुसरी धवलारीण यायला लागली. नंतर नंतर तर नुसता बेंजो. आवाज कितीतरी मोठा, पण नवरदेवाच्या आत्याची नथ आता सुरक्षित राहायची, एवढंच.

माणसं जमिनीवरून सूड घेतात, बापाच्या अपमानावरून घेतात. गालाच्या आत, कुणाला न दिसणाऱ्या जागेवरून सूड घ्यायचा तर कसा घ्यायचा? मला काही सुचत नव्हतं, म्हणून मी शिकत राहिले.

एमएस्सी झाल्यावर मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागले. तिथल्या आमच्या मॅडम हाडांत आणि दातांत भरायच्या पदार्थांवर काम करायच्या. शांत बाई, सांगलीकडच्या, चहात साखर नको म्हणायच्या आणि बिस्किटं चार खायच्या. त्यांनी मला कॅल्शियम सिलिकेट हा विषय दिला. नाव भारदस्त आहे, पण वस्तू साधी. चुना आणि वाळूतली सिलिका एकत्र भट्टीत भाजायची, त्याची बारीक पूड करायची. त्या पुडीत पाणी घातलं की ती सिमेंटसारखी घट्ट होते. दाताच्या मुळाला चुकून भोक पडलं तर ते बुजवायला, मोडलेल्या हाडाची पोकळी भरायला हा पदार्थ कामाला येतो. परदेशातून तयार यायचा तो महाग, म्हणून आपल्याकडे स्वस्तात करता येईल का, हा प्रश्न. सिलिका कुठून घ्यायची याचा विचार चालला होता तेव्हा मी म्हटलं, भाताच्या तुसात भरपूर असते. मॅडम म्हणाल्या, "आणशील?" मी आमच्याकडच्या गिरणीतून पोतं आणलं. घरच्या अंगणात तूस काळं व्हायचं, प्रयोगशाळेच्या भट्टीत ते पूर्ण जळून पांढरंशुभ्र झालं. चुन्यासाठी कशेळीच्या खाडीतल्या शिंपल्या धुऊन भाजल्या. ज्या तुसाच्या राखेवरून त्या माणसानं आईच्या तोंडाला उकिरडा म्हटलं होतं तेच तूस आता माणसाच्या जबड्यात मानानं बसवायचं, एवढं मनाशी ठरवलं आणि मला एकदम भूक लागली. कित्येक दिवसांनी मी डबा पुसून खाल्ला.

पण पदार्थ घट्ट होणं वेगळं आणि शरीरानं त्याला घरात घेणं वेगळं. आमची पहिली गोळी मॅडमनी जिवंत पेशींच्या बशीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर सगळ्या मेलेल्या. जिवंत पेशी बशीच्या तळाला पाय पसरून बसतात, पाहुण्या आलेल्या बायकांसारख्या. मेल्या की गोल होऊन वर तरंगायला लागतात. आमच्या बशीत सगळीकडे गोल गोल ठिपके तरंगत होते. कारण साधंच होतं. गोळी घट्ट होता होता चुना सोडत होती. पानात चुना जास्त झाला की जीभ भाजते, तेच त्या पेशींचं झालं. मॅडमनी फळ्यावर शब्द लिहिला, जैवसुसंगतता. ती सुधारायची, म्हणाल्या. मी घरी आईला सांगायला गेले तर तो शब्द माझ्याच जिभेवर अडखळला. आईनं पदराआडून विचारलं, "म्हंजे तुजं औषध अंगाला मानवलं न्हाय?"

मानवणं. औषध मानवतं, हवा मानवते, सासर मानवतं किंवा मानवत नाही. आपल्या भाषेत एवढा नेमका शब्द पडलेला असताना कुणी जैवसुसंगतता घडवली कोण जाणे. मी दुसऱ्या दिवशी वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, मानवलं नाही. उन्हाळा लागला तरी मी प्रत्येक गोळीपुढे हेच दोन शब्द लिहीत गेले. चिडत गेले, पण एकही गोळी टाकून दिली नाही. मानवून घ्यायला लावेन, बघते कशी मानवत नाही, असं मी भट्टीच्या दाराशी उभी राहून पुटपुटायची. वजन करताना काटा जरा हलला तरी पूड ओतून पुन्हा सुरुवात करायची. मॅडम म्हणाल्या, "तुझा हात फार स्थिर आहे गं." मी म्हटलं, "राग आहे, मॅडम." त्यांना वाटलं मी गंमत करते.

दोन गोष्टींनी फरक पडला. पहिली, भाजायच्या आधी पुडीत थोडं मॅग्नेशियम मिसळायचं. मग गोळी सावकाश विरघळते, चुना एकदम बाहेर फेकत नाही. दुसरी, गोळी पेशींना भेटवायच्या आधी रक्तातल्या पाण्यासारख्या खारट द्रावणात बुडवून अंगाच्या उबेवर काही दिवस ठेवायची. तिच्यावर हाडातल्या खनिजासारखाच एक पातळ थर चढतो, दाहकपणा आधीच निवून जातो, आणि पेशींना ती परकी वाटत नाही. मी मॅडमना म्हटलं, ही तर हळद झाली. नव्या घरी पाठवायच्या आधी मुलीला बसवून अंगाला लावतात तीच. त्यांना शब्द आवडला. मग प्रयोगशाळेत सगळेच म्हणायला लागले, आज कुठल्या गोळ्या हळदीला बसल्यात? एक तमिळ मुलगा होता, तोही अगदी गंभीरपणे म्हणायचा, "मॅडम, हलदी हो गया." आणि एक दिवस बशीत पाहिलं तर गोळीच्या कडेला पेशी चिकटून बसलेल्या, पाय पसरून. एक तर गोळीवरच चढून बसली होती. मी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

अशा ठिकाणी वाचणाऱ्याची एक अपेक्षा असते. चुन्याचा दाह शमला तसा बाईच्या मनातलाही शमला असेल, असं त्याला वाटतं. मलाही तेव्हा कुणीतरी हे ऐकवलं होतं. पण शास्त्र नीट पाहा. सावकाश विरघळणारी वस्तू निवत नाही, ती जास्त दिवस पुरते, एवढंच. माझा राग आता जीभ भाजणारा राहिला नव्हता. तो माझ्या अंगाला मानवला होता. मी त्याच्यासकट जेवत होते, झोपत होते, बसमध्ये लोकांना जागा देत होते.

मग दातांची वेळ आली. मॅडमना उपटलेले दात हवे होते. त्यांच्या मुळांना मुद्दाम बारीक भोक पाडायचं, आमच्या सिमेंटनं बुजवायचं आणि रंगीत पाण्यात बुडवून गळतं का ते पाहायचं. त्यासाठी मुळं धड असलेले दात पाहिजेत. "तू भिवंडीची ना? तिकडच्या दवाखान्यांतून गोळा कर," मॅडम सहज म्हणाल्या. मी पाचसहा दवाखाने धरले. त्याचा दवाखाना टाळता आला असता. मी टाळला नाही. उलट तिथे जाण्यासाठी मी नवीन ड्रेस घातला.

त्यानं मला ओळखलं नाही. पुढेही ओळखलं नाही. एसीचा आवाज वाढला होता, बाक तेच होते. "अरे वा, रिसर्च! आपल्या भिवंडीची मुलगी!" तो खूश झाला. "बेटा, हवे तेवढे दात ने. इथे काय कमी आहे? लूमवाले, ट्रकवाले, गुटखा खाऊन येतात सगळे." त्यानं कंपाउंडरला बरणी द्यायला सांगितली. औषधी पाण्यात बुडालेले दात काचेला टेकून बसले होते. मी आभार मानले. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, मी त्याच्याकडे पाहून गोड हसलेही होते. असं हसता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

दर आठवड्याला मी रिकामी बरणी द्यायची आणि भरलेली आणायची. प्रयोगशाळेत एकेक दात ब्रशनं घासून भिंगाखाली धरायचा, भोक किंवा तडा असलेले बाजूला काढायचे. इतर दवाखान्यांच्या बरण्यांत असा एखादा निघायचा, कधी निघायचाही नाही. त्याच्या बरणीत सारखे निघायला लागले. आधी मला वाटलं कीड असेल. पण कीड जिथे लागते तिथला दात काळपट, मऊ आणि वेडावाकडा खाल्लेला असतो. ही भोकं चक्क गोल होती, कडा स्वच्छ. मुळाच्या आत सरळ जायच्या ऐवजी यंत्राची सुई वाट चुकून बाजूनं बाहेर पडली की असं होतं. चांगल्या चांगल्या हातांकडूनही होतं कधी कधी, मॅडम म्हणाल्या, म्हणून तर हे सिमेंट हवं. पण चूक झाली की ती पेशंटला सांगायची असते. त्याच्या हातून ती वारंवार होत होती आणि प्रत्येक वेळी दोष कुणाच्या ना कुणाच्या तोंडाला लागत होता. लूमवाल्याच्या, ट्रकवाल्याच्या, गावच्या बाईच्या.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन आईला विचारलं, "तुझी दाढ कुठाय?" दाढ ती त्या दिवशी मागून घेऊन आली होती. केस, नखं, दात, अंगाचं काहीही परक्याच्या घरी टाकून यायचं नाही, हे आमच्याकडे पक्कं असतं. तुळशीपाशी पुरायची म्हणून सुपारीच्या डबीत कापसात ठेवली आणि मग पुरायचं राहूनच गेलं. "कशाला पायजे तुला? ती घान हाय," आई म्हणाली. मी डबीसकट घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगाखाली ठेवली. मुळाच्या कुशीला भोक होतं. गोल. कडा स्वच्छ. बाकीचं मूळ ठणठणीत, पिवळसर, एखाद्या जुन्या हस्तिदंती बटणासारखं. सडल्याची खूण नाही. मी बेसिनपाशी गेले, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा येऊन पाहिलं. भोक तिथेच होतं. मला रडू यायला हवं होतं. मला आनंद झाला. इतका आनंद मला प्रबंध मंजूर झाला तेव्हाही झाला नाही.

काय काय करायचं याचे बेत मी बसमध्ये करायची. कशेळीच्या पुलावर गाडी अडकली की खाली खाडीकडे बघत त्याला एकेका शिक्षेतून काढायची. कधी त्याच्या ओठात ताज्या चुन्याची गोळी ठेवायची, कधी त्याला मांडवात उभं करून आईच्या एका गाण्यात त्याच्या सात पिढ्या काढायला लावायच्या. पोलिसात जायचं, वर्तमानपत्रात जायचं. पण आईला पोलीस नको होते, वर्तमानपत्र ती वाचत नव्हती. भोकाचं मी तिला सांगितलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तू माजी पोर, तू माजीच बाजू घेनार." पटणार होतं तर एकाच तोंडून. ज्या तोंडानं उकिरडा म्हटलं त्याच तोंडून. म्हणजे मला त्याच्याकडून त्याचं रक्त नको होतं, एक वाक्य हवं होतं. रक्त मिळवणं सोपं गेलं असतं.

आणि मग त्यानंच मला दार उघडून दिलं. वैशाख उतरणीला लागला होता, पेपर पाठवायच्या गडबडीत मी शेवटची बरणी आणायला गेले होते. त्यानं मला आत केबिनमध्ये बोलावलं. दार लोटलं. "बेटा, तुझं ते सिमेंट. बाहेरचं फार महाग पडतं. तुमच्याकडची पावडर थोडी मिळेल का? ट्रायलला." म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. कुठे भोक पडतं ते, का पडतं ते, कशानं बुजतं तेही. क्षणभर माझ्या डोक्यात पहिल्या खेपेची ती पूड आली, पेशी मारणारी. पण ती जाणार होती कुणाच्या तोंडात? आणि दुसरी, हळद लागलेली, मानवलेली, ती तर मी त्याला मेले तरी दिली नसती. आमच्या तुसानं याची पापं बुजवायची? परवानगी नसलेला पदार्थ माणसाच्या तोंडात घालता येत नाही, हे शहाणपणाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते मी दिलं नाही. म्हटलं, "आईला विचारून सांगते. उद्या तिला घेऊनच येते."

"आईला?" तो हसला. "आण आण."

आई यायला तयार नव्हती. शेवटी डॉक्टरांना तुला काहीतरी सांगायचंय, एवढंच सांगितलं. बोलावणं डॉक्टरचं म्हटल्यावर ती उठली. हळदीला नेसायची ते हिरवं लुगडं तिनं नेसलं, पदर तोंडावर घेतला. दवाखाना भरलेला होता. बाकांवर माणसं, बाकांसमोर उभी माणसं, दाराशी चपलांचा ढीग. त्यानं आम्हाला आत घेतलं आणि मी कापसातून दाढ काढून त्याच्या टेबलावर, त्याच्याच भिंगाखाली ठेवली.

"ही आईची. तुम्ही काढलेली. बघा."

त्यानं पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तेव्हा कुठे त्याला ओळख पटली असावी, कारण त्याचा चेहरा उतरला. "हे... होतं कधी कधी," तो म्हणाला. "टेक्निकल गोष्ट आहे."

"मला माहीत आहे काय आहे ते. आईला सांगा. मराठीत सांगा. तुमच्या बाकीच्या दाढा माझ्या मॅडमच्या कपाटात आहेत, बरण्यांवर तुमच्या दवाखान्याचं नाव आहे."

त्यानं दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, बाहेरची कुजबुज आत येत होती, म्हणजे आतलीही बाहेर जात असणार. तो खुर्चीत पुढे सरकला आणि अगदी हळू, जवळजवळ ओठांतच म्हणाला, "मावशी, तुमच्या दाढेला भोक माझ्या हातून पडलं होतं. राखुंडीमुळे नाही."

आई खाली बघत होती. मला वाटलं, आता रडेल. मग म्हणाली, "कवरं हलू बोलताव डॉक्टर. मना आयकाला न्हाय आलं."

त्यानं घसा साफ केला आणि पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"न्हाय आयकाला आलं," आई म्हणाली. "एशी वाजतंय ना."

मी तिच्याकडे पाहिलं. चार घरं पलीकडे कुणी धवला चुकलं तर अंगणातून दुरुस्त करणारी बाई ती. त्यानं एसी बंद केला. सगळं एकदम शांत झालं. बाहेरची कुजबुजही थांबली. तो घामेजला होता.

"माझी चूक होती!" तो जवळजवळ ओरडलाच. "भोक माझ्या हातानं पडलं! तुमचं तोंड चांगलं होतं, मावशी!"

"असं," आई म्हणाली. "म्हंजे माजं तोंड घान नव्हतं." तिनं दाढ उचलली, कापसात गुंडाळली, कमरेला खोचली आणि उठली. दार तिनंच उघडलं. बाहेर कुणी हलत नव्हतं. पदर खांद्यावर आला होता, आणि तिनं तो वर ओढला नाही. दारालगतच्या बाकावर गालाला ओढणी बांधलेली एक लूमवाल्याची बायको आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. आई तिच्यासमोर थांबली, जरा वाकली आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत, मांडवभर पोचेल अशा आवाजात विचारलं, "डागदर क्या बोला, तुमने सुना ना?"

त्या बाईनं मान हलवली. मग तिनं गालाची ओढणी सोडली, उठली आणि दाराशी जाऊन ढिगातून आपल्या चपला शोधायला लागली.